यंदा नाताळला घरात दोघंच: काय करावं, काय सोडावं?

चाफा_वसईचा
१२ डिसेंबर, २१:१०

आम्ही वसईचे, निर्मळच्या बाजूला वाडीत घर. मुलगी टोरांटोला असते. ती मे महिन्यात येऊन गेली, एका वर्षात दोनदा चौघांची तिकिटं काढणं परवडत नाही. मुलगा मर्चंट नेव्हीत. त्याच्या जागी येणारा माणूस (रिलिव्हर) आला नाही, त्यामुळे जहाजावरून उतरणं (साईन-ऑफ) जानेवारीवर गेलं. दीर-जाऊ नातू झाला म्हणून मस्कतला. नणंदेच्या सासूबाई ऑक्टोबरात गेल्या, तेव्हा तिच्याकडे यंदा सण नाही. म्हणजे एरवी ज्या घरात २५ डिसेंबरला दोन पंगती उठतात, तिथे यंदा मी आणि आमचे हे.

मला त्याचं दुःख वगैरे नाही. वैताग आहे तो लोकांचा. चर्चच्या आवारात, मासळीवालीपाशी, जिथे तिथे "मग यंदा तुम्ही दोघंच?" असं विचारतात आणि पुढे जो चेहरा करतात तो पाहवत नाही. तिघांनी जेवायला बोलावलंय. प्रेमाने बोलावलंय हे कळतं, पण आम्हाला जायचं नाहीये. आमच्या लग्नाला ३४ वर्षं झाली आणि नाताळच्या दिवशी घरात फक्त आम्ही, असं कधी झालेलंच नाही. मला तर थोडी उत्सुकताच आहे.

अडचण अशी, की ह्यांचं मत एका वाक्यात संपलं: "चर्चमध्ये मिस्साला जाऊ, वरण-भात खाऊ, झोपू." बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना कमीत कमी काम करण्याचा छंद लागलाय. मला नाताळला वरण-भात शिजवणं जमायचं नाही. पण दोन माणसांसाठी तीन किलोचं सोरपोटेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), पाच प्रकारचं गोड, केक, फुगे हेही वेडेपणाचं. मधलं काय ते सांगा. सोरपोटेल कमीत कमी किती करता येतं? गोडातलं काय ठेवू, काय गाळू? रात्रीची मिस्सा की सकाळची? आणि जेवणं झाल्यावर संध्याकाळपर्यंत करतात काय? एरवी भांड्यांतच संध्याकाळ होते.

गोव्याला जा, रिसॉर्ट बुक करा असले सल्ले नकोत. घरीच राहायचंय.

---

माडाची_सावली
१२ डिसेंबर, २२:३५

मडगावहून लिहितेय. सोरपोटेल एक किलोच्या खाली नेऊ नका. त्याहून कमी केलं की काळजाचं प्रमाण बिघडतं आणि विनेगरचा अंदाज चुकतो. एक किलो डुकराच्या मांसाला साधारण पाव किलो काळीज, बारीक चौकोनी तुकडे (इथे आळस नको, सगळी मजा तुकड्यांत आहे). २२ तारखेला करा, रोज एकदा गरम करा, २५ला खा. आणि उरलेलं फ्रीझरमध्ये टाका, सोरपोटेल उरलं म्हणून कोणाचं काही बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. दोघांसाठी सान्नांचा (तांदळाच्या इडलीसारख्या) घाट घालू नका, पाव आणा.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. नणंदेच्या घरी सण नाही म्हणालात. आमच्याकडे दुःखाच्या घरी गोड तळत नाहीत, पण म्हणून त्यांच्या घरात गोड नसतं असं नाही. शेजारपाजारचे, नात्यातले ताट भरून नेऊन देतात. तुमच्याकडे यंदा कोणीच नाही म्हणून तुम्ही गोड केलं नाहीत, तर नणंदेला ताट कोण देणार?

---

चाफा_वसईचा
१२ डिसेंबर, २२:५०

@माडाची_सावली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रीत आमच्यातही तीच. गोड करायचं, ठरलं. ह्यांना आत्ताच ऐकवलं, "ताईकडे द्यायचंय" म्हटल्यावर वरण-भात पक्ष एकदम गप्प.

---

गावठाणकर
१३ डिसेंबर, ०८:१५

बांद्र्याच्या गावठाणातून. मिल्क क्रीम आणि मार्झिपान गाळा. मिल्क क्रीम आटवताना तासभर हात चालवायचा, साच्यांतून काढताना अर्धी तुटणार, आणि खाणार कोण? मधुमेहाच्या गोळ्या आमच्या घरातही आहेत, तुमच्याकडचं माहीत नाही.

कलकल मात्र ठेवा. अर्धा किलो मैदा, एक अंडं, नारळाचं दूध, साखर, चमचाभर कडकडीत तूप, चिमूटभर मीठ. एकट्याने वळायला बसलं तर ते काम संपत नाही. समोर दुसरं माणूस हवं, आणि ते तुमच्याकडे आहे. बँकवाल्यांचे हात नोटा मोजून तयार झालेले असतात, बसवा त्यांना.

जेवणाला बदक करा. ख्रिसमसला आमच्याकडे बदकाचं मोयल (कांदा-विनेगरचं कालवण) असतं. टर्की-बिर्की दोन माणसांना आठवडाभर पुरते आणि तिसऱ्या दिवशी तोंडाची चव जाते. दीड-पावणेदोन किलोचं बदक दोघांना दुपारी आणि रात्री, संपलं. भरपूर उभा कांदा, बाटली मसाला (आमचा वर्षाचा घरगुती मसाला), विनेगर, शेवटी बटाटे. मंद आचेवर ठेवायचं आणि आपण गप्पा मारायच्या.

---

खडूस_काका
१३ डिसेंबर, ११:०२

दिवाळीला हजारो घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच असतात. त्यावर कोणी धागा काढत नाही.

---

चाफा_वसईचा
१३ डिसेंबर, ११:३०

@खडूस_काका, काढा की. पहिला प्रतिसाद माझा. आणि म्हातारी कोणाला म्हणालात?

---

सदाशिव_पेठी_सून
१३ डिसेंबर, १३:४४

खडूस काकांचा सूर सोडा, मुद्दा बरोबर आहे. माझे सासू-सासरे दिवाळीत दोघंच असतात, आम्ही डॅलसला. सासूबाई फराळ बाहेरून मागवतात, पण चकलीची भाजणी घरी करतात आणि चकल्या सासरे पाडतात. बाकी सगळं विकतचं चालतं, चकली नाही. चाफाताई, तुम्हीही अशी एकच गोष्ट धरा. सगळं थोडं थोडं केलंत की दमणूक पूर्ण होते आणि सण अर्धा.

---

लीड्सकर
१३ डिसेंबर, १५:२०

इथे इंग्लंडमध्ये आम्ही नवरा-बायको गेली काही वर्षं २५ डिसेंबर घरीच काढतो. दुसरा इलाजच नसतो! त्या दिवशी हा देश कुलूप लावून बसतो. आगगाड्या बंद, लंडनमध्ये तर भुयारी रेल्वे आणि बससुद्धा बंद. २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडायला २००४ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे कोथिंबीर संपली तर संपली. कोपऱ्यावरचं एखादं छोटं दुकान उघडं असलं तर नशीब. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला पहिल्या वर्षी ही शांतता जड जाते. आता आम्ही तिची वाट बघतो, कारण वर्षात हा एकच दिवस असा, की ऑफिसमधल्या कोणाचाही फोन येऊ शकत नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही, त्यामुळे चर्चचं काही सांगता येणार नाही. दिवस असा जातो: सकाळी उशिरा उठून चालायला. येताना वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस शुभेच्छा देतो, एरवी हेच लोक नजर चुकवतात. दुपारी अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये, आणि ब्रसेल्स स्प्राउट्स ज्यांना इथलेही लोक नावं ठेवतात, ते आम्ही मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परततो. एकदा एका गोऱ्या शेजाऱ्याला दिले, त्याने डबा चाटून परत केला. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण. ही प्रथा रेडिओवर १९३२ मध्ये सुरू झाली, आमचे शेजारी आजोबा अजून भाषणाच्या आधी टाय लावतात म्हणे.

जेवताना क्रॅकर ओढायचे असतात, एक टोक तुमच्या हातात, एक समोरच्याच्या. फट् आवाज होतो, आत कागदी मुकुट आणि एक भयानक विनोद. खोक्यात येतात सहा. आम्ही सहाही फोडतो. त्यामुळे भाषण ऐकताना आमच्या डोक्यावर प्रत्येकी तीन मुकुट असतात, राजाच्या डोक्यावर एकही नसतो.

---

उगवतीचा_पाहुणा
१३ डिसेंबर, १७:०५

टोकियोत २५ डिसेंबरला सुट्टीच नसते. पण २४ची रात्र जोडप्यांची असते. दोघांनी बाहेर जेवायला जायचं, दिवे बघायचे. कुटुंबवाले घरी तळलेली अमेरिकन कोंबडी आणि स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक आणतात. कोंबडीची जाहिरात १९७४ मध्ये गाजली आणि आता ती परंपरा होऊन बसलीय, आगाऊ बुकिंग करावं लागतं. गेल्या वर्षी बायको बुकिंग करून आली, मी रांगेत उभा राहून बादली घेऊन आलो, आणि त्या कोंबडीवर आम्ही कांदा-लिंबू-चाट मसाला टाकून खाल्ली. केक मात्र खरोखर छान असतो, हलका.

चाफाताईंना याचा उपयोग शून्य आहे हे माहीत आहे. पण धागा आवडला म्हणून लिहिलं.

---

रात्रपाळी
१४ डिसेंबर, ०६:५०

मी नर्स, मुंबईतल्या एका हॉस्पिटलात. माहेर नंदाखालचं. नाताळला वॉर्ड रिकामा होत नाही, त्यामुळे लग्नापासून निम्मे नाताळ ड्युटीवर गेलेत. आम्ही नवरा-बायको जो दिवस मिळेल तो धरतो. चर्चच्या पंचांगातही नाताळ २५ला संपत नाही. १ जानेवारीपर्यंत अष्टाह (आठ दिवसांचा सण) आहे, पुढे ६ जानेवारीला तीन राजांचा सण, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळचाच काळ चालतो. तुमचा मुलगा जानेवारीत येतोय ना? गोठा (येशूजन्माचा देखावा) तोवर उतरवू नका. तारा पेटता ठेवा. सोरपोटेलचा फ्रीझरमधला डबा त्याच्या नावाचा.

मिस्साचं म्हणाल तर दोघंच आहात म्हणून रात्रीच्याच मिस्साला जा. एरवी घरात पाहुणे झोपलेले, सकाळी सात वाजता चहाचं आधण, म्हणून बायका रात्रीच्या मिस्साला गेल्या तरी अर्धं लक्ष स्वयंपाकघरात असतं. यंदा तुम्हाला लूकचं शुभवर्तमान, येशूजन्माची आणि मेंढपाळांची कथा, नीट ऐकायला मिळेल.

---

चाफा_वसईचा
१४ डिसेंबर, १९:२५

@रात्रपाळी, अगदी मनातलं बोललीस गं. मी कित्येक वर्षं मेंढपाळांपर्यंत पोचले की वाटाणे भिजत घातले का ते आठवत बसते.

निर्णय झालेत. सोरपोटेल एक किलो. बदक सांगून ठेवलंय. गोडात कलकल, करंज्या आणि एक केक, बस. गोठ्याचं काम ह्यांनी आपणहून घेतलंय, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. काल ताटलीत माती घालून नाचणी पेरली, २४पर्यंत बोटभर हिरवळ येईल, ती गोठ्याभोवती. एरवी हे काम पोरांचं. आता ६२ वर्षांचा माणूस सकाळ-संध्याकाळ वाटीने पाणी शिंपडतोय आणि मला सांगतोय की उन्हात ठेवू नकोस, कोंब पिवळे पडतील. ऊन मिळालं नाही तरच पिवळे पडतात हे सांगायला गेले, तर "माझं काम मला करू दे".

---

खडूस_काका
१४ डिसेंबर, २०:१०

नाचणी आठ-दहा दिवसांत येते. पहिले तीन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. (आम्ही नवरात्रात घटाला धान्य रुजवतो, अनुभव आहे.)

---

एकटा_जीव
१४ डिसेंबर, २३:४०

एकच सल्ला. टेबलावर बसून जेवा. चांगल्या बशा काढा, टीव्ही बंद. मी टीव्हीसमोर जेवतो म्हणून सांगतो.

---

गावठाणकर
१५ डिसेंबर, ०७:३०

+१. आणि नवऱ्याला वाढायला लावा. बदक नीट तोडता येत नाही त्याला, हे त्या दिवशी कळू दे.

---

जावईबापू
१९ डिसेंबर, १४:१५

जर्मनीत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुष्कळ घरांत काय शिजतं माहीत आहे? बटाट्याचं सॅलड आणि उकडलेले सॉसेज. सणाच्या रात्री! दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, मग झाड, भेटवस्तू, चर्च, आणि जेवण असं की दहा मिनिटांत पानात. मोठा स्वयंपाक २५ आणि २६ला. चाफाताईंच्या मिस्टरांचा वरण-भात अगदीच अडाणी नाही, फक्त एक दिवस आधी करा.

---

चाफा_वसईचा
२७ डिसेंबर, २०:३०

सगळ्यांनी विचारलंत म्हणून वृत्तांत. उशीर झाला कारण काल दिवसभर काहीही केलं नाही.

कलकल २०ला केले. मैदा मळून झाकून ठेवला, दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी. आमच्याकडे जुना कंगवा असतो या कामासाठी, कोरा, केसाला न लागलेला. पोरं लहान असताना तीन होते, आता एक सापडला, म्हणून ह्यांना काटा-चमचा दिला. गोटीएवढी गोळी, ती काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत खाली ओढायची, मग वरच्या टोकापासून गुंडाळत आणायची म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. ह्यांची पहिली वीस-पंचवीस नुसतीच चपटी झाली. मग चष्मा लावला, बनियनवर बसले आणि अशी एकसारखी वळायला लागले की माझी त्यांच्याशेजारी ठेवायची लाज वाटावी. मध्ये एकदा म्हणाले, "आई ही कामं करताना गायची." सासूबाईंचं हे मला ठाऊक नव्हतं. त्या माझ्यासमोर कधी गायल्या नाहीत. काय गायच्या विचारलं तर शब्द आठवेनात, चाल गुणगुणून दाखवली. आमच्या वसईकडच्या सामवेदी बोलीतलं काहीतरी असणार. पुढचा तासभर आम्ही दोघं त्या चालीला शब्द शोधत होतो आणि सापडले नाहीत.

२४ला सकाळी नणंदेकडे ताट नेलं. ती दारातच रडली, मग लगेच करंजी तोंडात टाकून "खोबरं जरा कमी पडलंय" म्हणाली. बरं वाटलं, म्हणजे ठीक आहे ती.

रात्रीच्या मिस्साला गेलो. मैदानात मांडव, नेहमीसारखी गर्दी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाचे नियम आले तेव्हापासून मध्यरात्रीची मिस्सा पुष्कळ ठिकाणी लवकरच होते, त्याची जुन्या लोकांना अजून सवय नाही, असं आमचे हे दरवर्षीप्रमाणे पुटपुटले. घरी येऊन बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं. तोपर्यंत तो कपाटात रुमालात असतो, आणि ठेवायचा मान घरातल्या सर्वांत लहानाचा. यंदा लहान कोण? मी ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मी. नाचणी झकास आली होती, खडूस काकांना श्रेय. केक कापला, घरच्या वाईनचा एकेक पेला घेतला.

२५ला सकाळी साडेआठला टोरांटोशी बोललो, तिथे २४च्या रात्रीचे दहा. लेकीला आम्ही दुःखी दिसू अशी तिची तयारी असावी. तिने अगदी हळुवार आवाजात सुरुवात केली आणि मागून बाबांचा आवाज, "लवकर आटप, बदक लागेल." मुलाचा मेसेज संध्याकाळी आला, जहाजावर कुकने केक केला होता, त्याचा फोटो. केक बसलेला होता बिचारा.

बदक दुपारी. चांगल्या बशा काढल्या, टीव्ही बंद (@एकटा_जीव, तुमची आठवण काढली). ह्यांनी बदक तोडायला घेतलं आणि सांधा सापडेना, शेवटी स्वयंपाकघरात नेऊन कोयत्याने. जेवल्यावर काय करायचं हा माझा मोठा प्रश्न होता ना? आम्ही झोपलो. साडेपाचपर्यंत. नाताळच्या दुपारी मी कधी आडवीही झालेली नाही. उठल्यावर शेजारच्या म्हात्रेवहिनी फराळाचा डबा परत द्यायला आल्या, त्यात नेहमीप्रमाणे डबा रिकामा न देता तिळाच्या वड्या. मग पत्ते काढले. ह्यांना हरलेलं सहन होत नाही आणि दोघांत खेळताना दुसऱ्यावर ढकलायला कोणी नसतं, त्यामुळे एकदा खरंच वाजलं आमचं. रात्रीच्या जेवणाला उरलेलं बदक खायचं ठरलं होतं. ह्यांनी वरण-भात मागितला. लावला कुकर.

---

रात्रपाळी
२७ डिसेंबर, २१:०५

मुलगा कधी उतरतोय?

---

चाफा_वसईचा
२७ डिसेंबर, २१:१२

७ किंवा ८ म्हणतोय. कंपनीचं काही खरं नसतं. गोठा आहे तसा आहे, तारा रोज पेटतो. डबा फ्रीझरमध्ये आहे पण अर्धाच, कारण काल दुपारी पावाबरोबर चाखून बघितला.

---

लीड्सकर
२८ डिसेंबर, १४:५०

गावठाणकर, तुमचं मोयल वाचून यंदा बदक केलं. इथे सुपरमार्केटमध्ये सहज मिळतं. पण बाटली मसाला नव्हता म्हणून मालवणी वापरला. चव छान आली, पण हे ते नव्हे असं बायको म्हणाली, आणि तिने ते कधी खाल्लेलंच नाही. तो मसाला विकत कुठे मिळतो?

---

गावठाणकर
२८ डिसेंबर, १६:२५

विकत मिळतो, पण मी सुचवणार नाही. प्रत्येक घराचा वेगळा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये मिरच्या गच्चीवर वाळतात, मग हळद, धणे, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, एकेक वेगळं भाजून कुटून घेतो आणि काळपट बाटल्यांत दाबून भरतो, म्हणजे वर्षभर रंग टिकतो. उन्हाळ्यात भारतात येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रिकामी बाटली तुमची आणा, काचेची. आणि मालवणी मसाल्याच्या बदकात विनेगर घातलं होतं का? किती?

---

लीड्सकर
२८ डिसेंबर, १६:४०

दोन चमचे. कमी झालं का?

---

माडाची_सावली
२८ डिसेंबर, १६:५८

दोन चमचे?? अख्ख्या बदकाला? निदान पाऊण वाटी हवं, तेही माडाचं.